घोटाघोटाची संजीवनी

(माता-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



लहान मूल आजारी पडले की घरातील सर्वांच्या तोंडी पहिले वाक्य असते, 'बाळ काही खात नाही.' आजीचा जीव कासावीस होतो, शेजारीण उपाय सुचविते आणि आई हाती वाटी घेऊन बाळामागे फिरू लागते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र याहून गंभीर वाक्य दुसरे आहे. ते म्हणजे, 'बाळ काही पीत नाही.' एरवी सुदृढ असलेल्या मुलाचे जेवण एखाद-दोन दिवस कमी झाले, तर फारसे बिघडत नाही. आजार ओसरला की गेलेली भूक व्याजासह परत येते. पाण्याचे तसे नाही. पाण्याचा हिशेब शरीराला त्याच दिवशी, किंबहुना त्याच प्रहरी चुकता करावा लागतो.

हा हिशेब एकदा नीट समजून घ्यावयास हवा. वर्ष-दीड वर्षाच्या, दहा किलो वजनाच्या मुलाला निरोगी अवस्थेतही दूध, पाणी, पेज असे सर्व मिळून दिवसाकाठी सुमारे एक लिटर द्रव लागतो. ताप आला की घामावाटे आणि जलद श्वासावाटे जादा पाणी जाते. उलट्या-जुलाब सुरू झाले की मग विचारावयासच नको. या मुलाच्या शरीरातून अर्धा लिटर पाणी कमी झाले की शोषाची लक्षणे दिसू लागतात आणि एक लिटर कमी झाले की जीव धोक्यात येतो. धडधाकट माणूस उन्हातान्हात काम करताना अर्धा लिटर घाम सहज गाळतो आणि माठातील दोन पेले पाणी पिऊन तो विषय विसरूनही जातो. बाळाला ती सवलत नाही. त्याची गंगाजळी लहान असते, खर्च मोठा असतो आणि 'मला तहान लागली' हे सांगण्याइतके शब्दही त्याच्यापाशी नसतात.

म्हणूनच एक ते तीन वर्षांचे आजारी मूल तोंड मिटून घेते, पेला ढकलून देते, दिलेला घोट थुंकून टाकते, तेव्हा काय करावे, हा प्रश्न घराघरातील आहे आणि जीवनमरणाचाही आहे.

बनगावचा धडा

या प्रश्नाचे उत्तर ज्या भूमीवर सर्वांत कठोर कसोटीला उतरले, ती भूमी आपलीच आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारताच्या आश्रयाला आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. कोलकात्यातील एका संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनवीस तेथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयाच्या जमिनीवर पाय ठेवावयास जागा नव्हती. उलट्या आणि जुलाबांच्या थारोळ्यात रुग्ण पडले होते. त्यांच्या शिरेत सुई घालण्यासाठी डॉक्टरांना त्याच थारोळ्यात गुडघे टेकावे लागत. त्यातच सलाईनचा साठा संपत आला.

साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून तोंडावाटे दिले, तर जुलाब चालू असतानाही आतडे ते पाणी शोषून घेते, हे तोवर प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात दिसून आले होते. मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही जोडी आतड्याच्या पेशीत हातात हात घालून प्रवेश करते व आपल्यामागून पाणी ओढून नेते, असे त्यामागील शास्त्र आहे. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडावाटे असे द्रावण दिल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. १९६८ मध्ये ढाक्यात डॉ. डेव्हिड नलिन आणि डॉ. रिचर्ड कॅश यांनी पद्धतशीर चाचणी घेऊन त्याची उपयुक्तता सिद्ध केली होती. परंतु हे सारे प्रशिक्षित हातांच्या देखरेखीखाली झाले होते. हजारोंच्या छावणीत सामान्य माणसाच्या हाती हे सोपविण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

डॉ. महालनवीस यांनी ते केले. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या भरल्या गेल्या, पिंपांत द्रावण तयार झाले आणि पेला रुग्णाच्या आईच्या, बहिणीच्या, नवऱ्याच्या हाती देण्यात आला. पाजत राहा, उलटी झाली तरी पाजत राहा, एवढीच सूचना होती. सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत होऊ शकेल, अशा शब्दांत त्याचा गौरव केला. डॉ. महालनवीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निवर्तले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

आज सरकारी दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी म्हणजे या इतिहासाचे फळ होय. महाराष्ट्रात तिला 'जलसंजीवनी' हे सुंदर नाव मिळाले. परंतु बनगावचा धडा पुडीपुरता नाही. त्या छावणीत माणसे वाचली, ती मीठ-साखरेने आणि तितकीच पेला न सोडणाऱ्या आप्तांच्या चिकाटीने. पुडी दुकानात विकत मिळते. चिकाटी घरातच असावी लागते.

नकारामागील कारण

मूल पीत नाही म्हणजे ते हट्ट करते आहे, असा समज सर्वप्रथम मनातून काढून टाकावयास हवा. प्रत्येक नकारामागे कारण असते आणि कारण सापडले की अर्धे काम होते.

पहिले कारण मळमळ. पोट ढवळत असताना पेलाभर पाणी समोर आले की मोठ्या माणसालाही नकोसे होते. दुसरे कारण तोंडातील किंवा घशातील वेदना. हात, पाय आणि तोंडावर फोड आणणारा विषाणुजन्य आजार या वयात वारंवार आढळतो. त्यात जिभेवर, टाळूवर व्रण होतात आणि प्रत्येक घोट झोंबतो. अशा मुलाला बहुधा तहान असते. ते पेल्याकडे झेपावते, ओठ लावते आणि रडून मागे सरते. बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिले की कारण कळते. तिसरे कारण चोंदलेले नाक. नाकाने श्वास घेता येत नसेल, तर एकाच तोंडाने प्यावे कसे आणि श्वास घ्यावा कसा? मिठाच्या पाण्याचे तयार मिळणारे थेंब नाकात घालून नाक मोकळे केले की मूल पुन्हा पिऊ लागते. चौथे कारण तापाची ग्लानी. ताप उतरला की तासाभरासाठी मूल तरतरीत होते. तो तास दवडता कामा नये.

पाचवे कारण मात्र घरानेच निर्माण केलेले असते. ते म्हणजे भीती. आधी एकदा बळजबरीने पाजलेले असते, कडू औषध दुधात लपविलेले असते, चौघांनी मिळून हातपाय धरलेले असतात. मग चमचा दिसला की बाळ तोंड घट्ट मिटून घेते. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण व्यवहारात आणि राजकारणात चालत असेल. आजारी बाळाच्या बाबतीत ती धोकादायक आहे. आडवे निजवून, नाक दाबून बोंडल्याने ओतलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसांत उतरू शकतो. मुलाला मांडीवर टेकवून बसवावे, मान किंचित वर असावी आणि द्रव गालाच्या आतल्या बाजूस सोडावा, घशात नव्हे. एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

याखेरीज एक बारकावा ध्यानी ठेवण्याजोगा आहे. ज्या मुलाच्या अंगातील पाणी खरोखर कमी झालेले असते, ते बहुधा जलसंजीवनी अधाशासारखे पिते. त्याला ती खारट चव खुपत नाही. जे मूल खेळते आहे, ज्याला लघवी नेहमीसारखी होते आहे, त्याने त्या चवीला नाक मुरडले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याला साधे पाणी, दूध, पेज यांवर निभावता येते. आणि जे मूल मलूल होऊन पडले आहे, ज्याच्यात पिण्याचे त्राणच उरलेले नाही, त्याचा नकार हा नकार नसून धोक्याची घंटा असते. त्याविषयी पुढे सविस्तर बोलणे येईलच.

चमचा, घड्याळ आणि चिऊ-काऊ

उपचाराचे सूत्र साधे आहे. थोडे थोडे, पण सातत्याने. पेलाभर पाणी एकदम दिले की ताणलेले पोट ते उलटून टाकते. तेच पाणी चमच्याचमच्याने दिले तर बहुतांश आत राहते. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर द्रव मावतो. दर दोन मिनिटांनी एक चमचा दिला, तर तासाला दीडशे मिलिलिटर होतात. दर मिनिटाला दिला, तर तीनशे. कंटाळवाणे वाटणारे हे काम चार तासांत अर्धा लिटरहून अधिक पाणी बाळाच्या पोटात पोहोचवू शकते. चमचा नको असेल तर औषधाची सुई नसलेली सिरिंज वापरावी, लहान वाटी वापरावी.

उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरुवात करावी, पहिल्याहून संथ गतीने. 'दिलेले सर्व पडले' असे वाटते, परंतु ते खरे नसते. काही भाग आतड्यात उतरलेला असतो. उलटीच्या भयाने पाजणे थांबविणे ही सर्वांत मोठी चूक होय.

जुलाब होत असतील तर दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी. शोषाची लक्षणे दिसू लागली असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर द्रावण चार तासांत देतात. बारा किलोच्या मुलासाठी हे ९०० मिलिलिटर होतात. मात्र हा टप्पा आरोग्य केंद्रात, डॉक्टरांच्या नजरेखाली पार पाडणे श्रेयस्कर.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाशी युक्तीने वागावे लागते. 'पिणार का?' असा प्रश्न केला तर उत्तर ठरलेलेच आहे, 'नाही.' त्याऐवजी 'लाल पेल्यातून की निळ्या पेल्यातून?' असे विचारावे. निवड करण्याचा मान मिळाला की विरोध मावळतो. ज्या घरात घास चिऊचा आणि काऊचा असतो, त्या घरात घोटही चिऊचा आणि काऊचा होऊ शकतो. एक चमचा बाहुलीला, एक बाळाला. आजोबांनी पेला भरून 'आधी कोण संपवतो' अशी पैज लावावी आणि हरावे. गार द्रावणाची चव कमी खुपते, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावे किंवा साच्यात गोठवून त्याची कांडी चोखावयास द्यावी. बर्फाचा अख्खा खडा मात्र या वयात घशात अडकू शकतो. तो देऊ नये.

तोंडात व्रण असतील तर डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे आणि अर्ध्या तासाने, वेदना निवल्यावर, गार दूध, गार खीर, गार पाणी पुढे करावे. लिंबू, संत्रे, आंबट ताक झोंबते, ते टाळावे. ॲस्पिरिन मुलांना कदापि देऊ नये. उलटी थांबविण्याचे औषध डॉक्टरांनी दिले तरच द्यावे. जुलाब एकदम 'बांधणारी' मोठ्यांची गोळी लहान मुलाला घातक ठरू शकते.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे स्तनपान एक वेळही बंद करू नये. पोटाला विश्रांती द्यावी म्हणून अन्नपाणी तोडण्याची जुनी समजूत आता निश्चयाने सोडावयास हवी. मऊ भात, मुगाची खिचडी, दहीभात, कुस्करलेले केळे यांपैकी जे जाईल ते, थोडे थोडे, वारंवार द्यावे.

पुडी कशी कालवावी

जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. वाटीभर पाण्यात अर्धी पुडी टाकून 'जरा कडक' द्रावण देण्याचा मोह घातक आहे. त्याने रक्तातील मीठ वाढते आणि झटके येऊ शकतात. पाणी उकळून गार करावे, एक लिटर मोजावे आणि पूर्ण पुडी त्यात एकदम रिकामी करावी. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. त्या लहान मुलांच्या घरात अधिक सोयीच्या. कालवलेले द्रावण पुन्हा उकळू नये, त्यात साखर, दूध वा फळांचा रस मिसळू नये आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे.

पुडी घेताना वेष्टन वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरमागे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम मिश्रण असते. अनेक वर्षे आकर्षक खोक्यांतील गोड पेये याच नावाचा आधार घेऊन औषधाच्या दुकानांतून विकली गेली. त्यांतील जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढून जुलाब वाढवू शकते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे एकाकी लढा दिला. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. एका डॉक्टरचा आग्रह काय करू शकतो, याचे हे ताजे उदाहरण.

पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चव अश्रूंहून खारट लागता कामा नये. चिमूटभर मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचे पाणी, पातळ ताक हे आपल्या स्वयंपाकघरातील वारसाहक्काचे उपाय आहेत. शहाळ्याचे पाणी जोडीला द्यावे, परंतु त्यात सोडियम कमी असल्याने ते पुडीची जागा घेऊ शकत नाही. बाटलीबंद शीतपेये, चहा, नुसते ग्लुकोजचे पाणी यांना या काळात रजा द्यावी.

जुलाबात जस्ताची, म्हणजे झिंकची गोळीही महत्त्वाची आहे. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे चौदा दिवस ती देतात. जुलाब थांबले तरी ती पूर्ण करावयाची असते. सरकारी दवाखान्यात ती पुडीसोबत मिळते.

घरचा उपाय कोठे थांबवावा

चिकाटी आणि दुराग्रह यांतील सीमारेषा आईवडिलांनी ओळखलीच पाहिजे. मूल उठविल्यावरही उठत नाही वा नजर देत नाही. चमचाभरही पिऊ शकत नाही किंवा घेतलेले सर्वच उलटून पडते. आठ तास लघवी झालेली नाही. डोळे खोल गेले आहेत, रडताना अश्रू येत नाहीत, जीभ कोरडी आहे. शौचात रक्त आहे. उलटी हिरवी आहे. झटका आला आहे. श्वास जोराने चालतो आहे किंवा गिळता न आल्याने सतत लाळ गळते आहे. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी घड्याळ पाहू नये, सकाळची वाट पाहू नये. रुग्णालय गाठावे आणि मूल शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर वाटेतही चमचा चालू ठेवावा. सहा महिन्यांखालील बाळ पीत नसेल, तर घरी प्रयोग करूच नयेत.

एक सोपी परीक्षा प्रत्येक आजीला ठाऊक असावी. बाळाच्या पोटाची कातडी, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, चिमटीत धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत झाली तर ठीक. सावकाश बसली तर शोष आहे. दोन सेकंदांहून अधिक काळ वळी तशीच राहिली, तर क्षणाचाही विलंब नको.

याउलट, ज्या मुलाला पिता येते त्याला 'सलाईन लावाच' असा हट्ट डॉक्टरांपाशी धरणे योग्य नव्हे. बनगावच्या अनुभवाने हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. शिरेतील सलाईन त्या मुलांसाठी आहे ज्यांना पिणे अशक्य झाले आहे.

हे काम एकट्या आईचे नव्हे. रात्री दोन वाजता दर दोन मिनिटांनी चमचा भरणारा हात थकतो. तेव्हा तो चमचा वडिलांनी घ्यावा, पहाटे आजीने घ्यावा. एका कागदावर वेळ, किती पाजले, लघवी केव्हा झाली आणि उलटी केव्हा झाली, एवढे लिहून ठेवावे. डॉक्टरांना 'काहीच घेत नाही' या हताश वाक्यापेक्षा तो कागद शतपटीने उपयोगी पडतो. आणि वस्त्यांमधून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पावसाळा सुरू होण्यापूर्वी घरोघरी दोन पुड्या पोहोचविणे, एकदा त्या समोर कालवून दाखविणे आणि रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात दिली गेली की नाही याची विचारपूस करणे, एवढे केले तरी ते मोठे काम ठरेल. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली आहे आणि ती विनामूल्य मिळते.

पुराणातील संजीवनीसाठी द्रोणागिरी उचलून आणावा लागला होता. आजची संजीवनी औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते आणि अडल्यावेळी मीठ-साखरेच्या डब्यांतूनही निघते. तिला हवी असते ती एक लिटरची अचूक मोजणी, एक चमचा आणि नकाराने न चिडणारे माणूस. बाळाने दहा वेळा तोंड फिरविले, तरी अकराव्यांदा तितक्याच शांतपणे चमचा पुढे करणे, हीच त्या रात्रीची खरी शुश्रूषा होय.